न वसलेल्या गावाचा नकाशा

मी नकाशा बोलतोय. कापडावर डकवलेला, घड्यांवर विरलेला. मेलबर्नपासून पश्चिमेला तीन तास गाडी हाकली की जे सपाट माळरान लागतं, तिथल्या ब्रॅनिगन गावाचा नकाशा. माझ्यावर चर्च आहे, शाळा आहे, रस्ते आहेत आणि मधोमध ऐसपैस बाजारचौक. गाव मात्र नाही. ते वसलंच नाही.

माझा जन्म दीडशे वर्षांपूर्वी एका तंबूत झाला. रेल्वे येणार म्हणून सरकारी सर्व्हेअरने गाव आखलं. रेल्वे दुसरीकडून गेली. क्षितिजापर्यंत पसरलेल्या गवताला सर्व्हेअरने माझ्यावर रंगसुद्धा दिला नाही. 'माळ, निर्मनुष्य' एवढं लिहून तो मोकळा झाला. तेव्हा समोर इथल्या मूळच्या लोकांच्या चुलींचा धूर दिसत होता. धुराची मोजणी करायची पद्धत नव्हती.

पुढे मी जवळच्या शेतकऱ्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगला गेलो. माझ्याखाली लोकांनी लग्नं लावली, भांडणं केली, सॉसेज खाल्ले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. एकदा भिंतीला रंग दिला आणि मी कपाटात गेलो. तिथे कसरीने माझी शाळा खाल्ली. तशीही तिला मुलं नव्हती.

मग इरावती आली. मूळची पुण्याची, आता मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात राहणारी, युनीत, म्हणजे विद्यापीठात, गवताळ माळांवर संशोधन करणारी. तिने मला टेबलावर पसरलं आणि चक्क हात जोडले. मला अवघडल्यासारखं झालं. माझ्याशेजारी तिने विमानातून काढलेला सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा फोटो ठेवला, त्याच्याशेजारी आजचा उपग्रहाचा. पहिल्यात, म्हणजे माझ्यात, सगळं गवत. दुसऱ्यात निम्मं. तिसऱ्यात सगळी शेतं, आणि मूळच्या गवताचा एकच तुकडा: माझा बाजारचौक.

चौक डग नावाच्या शेतकऱ्याच्या मालकीचा होता. त्याच्या वडिलांनी तो मेंढ्यांसाठी राखला होता. डगने मेंढ्या विकल्या होत्या आणि सोमवारी तो तिथे कॅनोलासाठी, म्हणजे पिवळ्या फुलांच्या तेलबियांसाठी, नांगर घालणार होता. अडवायला कायदा होता, पण तो नांगरापेक्षा सावकाश चालतो.

शनिवारी इरावती मला घेऊन निघाली. सोबत तिची आई, चित्राताई. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि घरी बसून कंटाळल्या होत्या.

चौकात पोचल्यावर त्यांनी चहूकडे पाहिलं. "इथे बाजार भरणार होता?"

"हो, आई."

"आणि एक माणूस आलं नाही?"

"नाही."

"बरं झालं. पार्किंगचं काय केलं असतं!"

डग आला तो हाताची घडी घालूनच. इरावतीने फोनवर नकाशे दाखवले. "फोनवर काय वाटेल ते दिसतं, मेट," तो म्हणाला. मग तिने मला त्याच्या ट्रकच्या बॉनेटवर पसरलं. बॉनेट तापलेलं होतं. मी तक्रार केली नाही.

"हे नुसतं गवत आहे," डग म्हणाला. "दोन वर्षं पाऊस नाही. मला पीक हवंय. तुझा पगार युनी देते. माझा कोण देणार?"

इरावतीने ते दोन्ही फोटो माझ्या शेजारी मांडले.

डग वाकला. जुन्या फोटोवर त्याने जाडजूड बोट टेकवलं. "हे आमचं घर. हा तुकडा डॅडने नांगरला." बोट सरकलं. "हा मी. एकोणीस वर्षांचा होतो. डॅडने त्या दिवशी मला पहिल्यांदा बिअर दिली." बोट पुन्हा सरकलं. "हाही मीच. हाही."

मग बोट सरकायला जागा उरली नाही.

"म्हणजे एवढंच राहिलंय?"

"एवढंच," इरावती म्हणाली.

डग गवताकडे वळला. चित्राताईंनी डबा उघडून त्याच्यापुढे बेसनाचा लाडू धरला. त्याने तो खाल्ला. "अर्धं सोडतो," तो म्हणाला. "अर्धं पेरणार. नो वरीज?"

वरीज होत्याच. परतताना इरावती रडली. "आई, मी आख्खं मागायला आले होते गं."

"माहितीये," चित्राताई म्हणाल्या. "पुढे बघून चालव."

सोमवारी अर्धा चौक उलटा झाला. उरलेल्याला डगने स्वतः कुंपण घातलं.

इथला जून ते ऑगस्टचा हिवाळा गेला. सप्टेंबरात डगचा फोन आला. मी तेव्हा इरावतीच्या टेबलावर होतो, म्हणून ऐकलं. "तुझ्या गवतात काहीतरी पिवळं फुललंय. कॅनोला नाही. त्याचं नाव काय ते सांगायला ये. आईलाही आण."

"आई पुण्याला गेली, डग."

"ओह." जरा थांबून तो म्हणाला, "मग तिला फोटो पाठव."

आता मी पुन्हा हॉलच्या भिंतीवर आहे, काचेआड. तुमची निरोप घेण्याची घाई मला कळते. लोक माझ्यासमोर फार थांबत नाहीत. एकच विनंती. मला बघून झालं की बाहेर जाऊन तो चौकही बघून या. डग फाटक उघडून देतो. बूट मात्र उंच घाला. साप आहेत.