बाबांचं विरजण

खोटं कशाला बोलू, धाकट्या भावाच्या बिअरचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. आमच्या व्होसच्या खोऱ्यात नाताळची बिअर घरोघरी शिजते. थोरला म्हणून शेत मला मिळालं, तांब्याचा हंडा मला, बिअरचं पिढीजात विरजणही मलाच. धाकटा, श्यूर, लग्नानंतर नदीपलीकडे बायकोच्या घरी राहायला गेला. तरी पिंप उघडायच्या दिवशी गाव चाखायला आधी त्याच्याकडे जातं, आणि पोट भरलं की मग माझ्याकडे.

यंदा त्याच्या धुराड्यातून माझ्या आधी धूर निघाला. झालं, माझं डोकं फिरलं. घाईघाईने माल्टचा काढा शिजवला, पण तो कोमट झालाय का ते कोपर बुडवून बघायचाही धीर धरला नाही. होतं नव्हतं ते सगळं विरजण कढत काढ्यात ओतलं. दोन दिवस झाले तरी फेस नाही. विरजण मेलं होतं.

अशा वेळी शेजाऱ्याकडे मागायचं असतं, आणि इथे कुणी नाही म्हणत नाही. मीही कधी म्हटलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी श्यूरचं विरजण नासलं तेव्हा तो माझ्याकडे आला, आणि मी हसत बरणी काढून दिली. फक्त ती फडताळात मागे पडलेली, केव्हाच खराब झालेल्या विरजणाची बरणी होती. तरी त्या वर्षी त्याची बिअर झकास झाली. कशी, ते विचारायला मला तोंड नव्हतं.

आज नाइलाजाने गेलो. तळघरात पिंपाभोवती दहा-बारा जण बसले होते.

"एल्दार, वाट चुकलास का रे?" म्हाताऱ्या ब्रिन्युल्फने टोमणा मारला.

"बस, दादा," श्यूरने लाकडी वाडगा पुढे केला. "वहिनी नाही आली?"

मी घोट घेतला. दाट, करपल्या साखरेसारखी गोड, आणि शेवटी जुनिपरच्या डहाळ्यांची किंचित कडसर चव. अगदी बाबांच्या हातची. माझ्या बिअरला ती कधी आली नाही. जळफळाट झाला नुसता.

"जरा गोडच झालीय," मी म्हणालो.

"म्हणून वाडगा चाटतोयस होय?" ब्रिन्युल्फ म्हणाला, आणि सगळे हसले.

मी श्यूरला बाजूला घेतलं. "माझं विरजण गेलं. थोडं देतोस?"

त्याने फळीवरून तंबाखूचा एक जुना डबा काढून माझ्या हातात ठेवला. झाकणावर बाबांनी चाकूने कोरलेली अक्षरं होती.

"हा तुझ्याकडे कसा?"

"तू दिलेलं विरजण मेलेलं होतं, दादा. मी कुणाला बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी बर्फातून बाबाच या डब्यात विरजण घेऊन आले. म्हणाले, जपून ठेव. एक दिवस थोरला मागायला येईल, तेव्हा त्याला मात्र चांगलं दे."

मी डबा कोटात घातला आणि पुलावरून घरी निघालो. तो डबा श्यूरला दिल्यानंतर बाबा तीन वर्षं जगले. माझ्याच घरी राहिले, रोज माझ्यासमोर बसून जेवले, आणि त्या बरणीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.