नेपाळसाठी बूट

"बूट पाहिजेत, मावशी. चपला न्हाई. बंद बूट," बनाबाईच्या ओसरीवर बसून उत्तमराव म्हणाले.

ते दरसाल डोंगरकड्याहून नेपाळला यात्रेची गाडी नेत. सरहद्दीवर मतदान कार्ड लागतं, पैसे शंभराच्या नोटांत घ्यावेत, आपलं सिम तिकडं चालत नाही, धापेच्या गोळ्या पुरून उरतील एवढ्या ठेवाव्यात, हे सगळं त्यांचं सांगून झालं होतं. शेजारच्या नर्मदाबाई मागे एकदा जाऊन आलेल्या. कानटोप्या घातल्यावर सगळे म्हातारे सारखेच दिसतात, तवा भलत्याच्याच शेजारी जाऊन बसू नको, असं त्या बनाबाईला म्हणाल्या आणि तिचा नवरा ज्ञानबासुद्धा हसला.

बनाबाई हसली नाही. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

तिचा मुलगा भारत पुण्याकडे कामाला गेला त्याला आठ वर्षं झाली होती. आधी फोन यायचे, मग यायचे थांबले. ज्ञानबा शोधून आला, पोलिसांत नोंद झाली, पुढे काही नाही. तेव्हा बनाबाई औंढ्याला गेली, नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून उतरली आणि पिंडीवर डोकं टेकून बोलली, की लेकरू दारात उभं राहीपर्यंत पायात काही घालणार नाही. तेव्हापासून तापलेलं काळं रान असो की बाभळीखालची वाट, ती अनवाणीच चालत आली. काटा मोडला तर देवाचं नाव घेऊन दगडावर बसायची, काढायची, उठायची.

उत्तमरावांना नवस ठाऊक होता. ते खाली मान घालून बोलले, "पशुपतीनंतर आपन वर डोंगरातल्या देवाला जातो, तिथं बरफ असतंय. मागल्या साली एका बाबाची बोटं काळी पडली. अनवाणी माणूस मी गाडीत घेत न्हाई. राग मानू नका."

राग कशाचा मानायचा? जायचं होतं ते ज्ञानबासाठी. मागे सांभाळायला कोणी नाही म्हणून त्याने मेंढरं पुतण्याला, नरसिंगला, देऊन टाकली होती. जन्मभर मुक्या जनावरांच्या मागे फिरलो, आता तो पशुपती, त्यांचा धनी, एकदा डोळ्यांनी पाहतो, एवढंच त्याचं मागणं. जोडीनं जाऊ, नाहीतर राहू दे, असं तो म्हणे. त्याच्या छातीचा भाता बघता पुढच्या सालाची खात्री कोण देणार होतं?

सोमवारी उपास धरून बनाबाई औंढ्याला गेली. देवळाच्या आवारात एक म्हातारे महाराज बसत. त्यांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नवस मध्येच टाकता येत नाही, म्हणाले. ज्याच्यासाठी बोललीस तो आला की सुटतो. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, की तो राहिलाच नसला तर बोललेला नवसही उरत नाही.

घरी येऊन तिने दिवा लावला आणि जसंच्या तसं ज्ञानबाला सांगितलं. तो खांबाला टेकून बसला होता.

"मंग तसं समज," तो म्हणाला.

"कसं समजू?"

त्याने नजर दिव्याकडे वळवली.

"तुमी कवापासून समजून राहिलेत?"

"लेकरू येनार असतं, तर मेंढरं दिली असती काहून?"

ती आत जाऊन भाकरी थापू लागली. त्या दिवशी तव्यावरची भाकरी पहिल्यांदाच करपली. ज्ञानबाने ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती हिंगोलीला गेली. चपलांच्या दुकानातल्या शितलने बायकांचे बूट एकेक करून तिच्या पायात घालून पाहिले. एकही चढेना. पाय पसरून रुंद झालेला, टाचा फुटलेल्या. शेवटी तिने वरच्या फळीवरून गड्यामाणसांचे बूट काढले.

"आजी, तुमचा पाय तर गड्याचा झालाय," ती हसत म्हणाली, आणि टाचांकडे नजर गेल्यावर तिने हसणं आवरलं.

बनाबाई उभी राहिली. दोन पावलं टाकली. फरशी गार आहे की गरम, काही कळेना. जणू कोणी दुसरंच चालतं आहे.

"घालूनच जाता का?"

"न्हाई, बाई. घरी एक काम राहिलंय."

उन्हं उतरायच्या आत ती परतली. बूट आत ठेवले, हौदातून बादली भरली आणि अंगणातल्या दगडावर अंगावरच्या लुगड्यानिशीच बसली. लांबच्या गावाहून कोणी गेल्याचा सांगावा आला की घेतात, तसं तिने तांब्याने डोक्यावरून पाणी घेतलं.

नर्मदाबाई आपल्या दारातून काहीतरी बोलायला पुढे आल्या होत्या. बघून थबकल्या. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या मागे फिरल्या.

ज्ञानबा ओसरीवर आला. मग पटका उतरवून त्याने खुंटीला अडकवला, धापा टाकत पायरी उतरला आणि तिच्या शेजारी दगडावर बसला.

बनाबाईने दुसरा तांब्या भरला आणि त्याच्या डोक्यावर ओतला.