दार लावून सांगितलेला निकाल

मंडळी, हे तुम्हांला खरं वाटणार नाही, पैज लावतो! आपल्या कोचाबांबा शहरातल्या याच प्रयोगशाळेत एका कोंबडीने महिनाभर उकडलेली अंडी घातली. का? तर निल्दा चोके नावाच्या शिकाऊ पोरीच्या रागाने! खुराडं तिच्या टेबलाखाली होतं, आणि टेबलामागे पोर नव्हतीच, नुसती भट्टी होती.

तिची आई सेनोबिया. दोन्या म्हणजे बाईसाहेब; अशा श्रीमंत दोन्या लास्तेनियाच्या घरी सतरा वर्षं स्वयंपाकाला. एकदा तिच्या रक्तात चागासचा रोग निघाला. मातीच्या भिंतीच्या फटीत राहणारी विंचुका नावाची रक्तपिपासू कीड चावते, तिच्या घाणीतून जंतू शिरतो आणि वर्षानुवर्षं काळीज पोखरतो. ताटातून, पेल्यातून तो पसरत नाही. पण इथल्याच एका तंत्रज्ञाने भर दालनात ओरडून निकाल सांगितला. दिवस मावळायच्या आत दोन्याने सेनोबियाची ताटली अंगणात आपटली आणि तिला हाकललं. तुकडे वेचले ते दहा वर्षांच्या निल्दाने. सूड घ्यायचा, हे तिने तेव्हाच ठरवलं. मोठी झाल्यावर रक्त काढणं, काचपट्टीवर पसरणं, सगळं ती दातओठ खाऊन शिकली.

आणि एक दिवस शालीत तोंड लपवून दोन्याच समोर आली!

"नाव?" निल्दाने विचारलं.

"सेनोबिया चोके," दोन्या कुजबुजली.

बघा! रोग स्वतःचा, नाव मोलकरणीचं! समोरची पोर कोण, हेही तिला कळलं नाही. स्वयंपाकघरातल्या माणसांकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

त्या काळी तपासणी अशी व्हायची: कोंबडीच्या रक्तावर वाढवलेल्या दहा निरोगी, उपाशी विंचुका डबीत घालायच्या, डबी रोग्याच्या हाताला बांधायची, किडे पोटभर पिऊ द्यायचे. मग महिनाभराने त्यांच्या पोटात जंतू वाढलेत का, ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं.

"अगं, चावतायत गं!"

"चावू देत की, बाईसाहेब. बिचारे कधी नव्हे ते श्रीमंताघरी जेवतायत."

तो महिना निल्दा एक एक दिवस चघळत जगली. तिसाव्या दिवशी काचेखाली जंतू वळवळले.

"सापडली!" ती ओरडली. "मास्तर, बाहेर अख्खा बाजार बसलाय. खरं नाव घेऊन हाक मारते. उद्यापासून तिच्या घरचा पेला कुणी तोंडाला लावणार नाही!"

तिला काम शिकवणाऱ्या फेर्मिन मास्तरांनी शांतपणे चष्मा पुसला. "नीट बघितलंस?"

"तीनदा!"

"मग ओरड. तुझ्या आईचा निकाल ओरडून सांगणाऱ्याची खुर्ची रिकामीच आहे. बस तिच्यावर."

"मास्तर! तिने माझ्या आईला..."

"तिने ताटली फोडली, पोरी. पण बातमी फुटली ती या खोलीतून! तू ओरडलीस की दोन्याची अब्रू जाईल, झकास. पण बाहेर बसलेली प्रत्येक सेनोबिया काय समजेल? इथे रक्त दिलं की घरदार सुटतं! उद्या एकही तपासायला येणार नाही. मरतील गपचूप घरात. हा सूड कुणावर?"

निल्दा दारात गेली. नाव जिभेच्या टोकावर होतं. तिने ते कढत बटाट्यासारखं गिळलं!

"छत्तीस नंबर!" तिने हाक दिली. बाईला आत घेतलं आणि दार लावलं.

"तुम्हांला चागास आहे, दोन्या लास्तेनिया. औषध डॉक्टर देतील. हा रोग ताटलीतून पसरत नाही. तेव्हाही पसरत नव्हता."

मग काय सांगू, मंडळी! दोन्याने हंबरडा फोडला! चौकातून गुडघ्यांवर रांगत सेनोबियाच्या दारी गेली, मागे चिनी मातीच्या ताटल्यांनी लादलेली बारा खेचरं! तेव्हापासून रोज सेनोबियाच्याच ताटलीत शेंगदाण्याचं सूप...

"थापा!" शिकाऊ पोरांच्या मागून आवाज आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख निल्दाबाई स्वतः उभ्या होत्या. "तिने कागद घेतला, शाल ओढली आणि गेली. आईकडे फिरकली नाही. माफीचा एक शब्द नाही! मीही तिला अजून माफ केलेलं नाही. पण पोरांनो, हे लिहून घ्या: राग आपला असतो, निकाल रोग्याचा असतो. आधी दार लावायचं, मग बोलायचं."