पायवाटेवरचे तीन फोटो

माझ्या कार्डात त्या दिवशी दोनशे चौदा फोटो होते. वाऱ्याने हललेल्या फांदीचे एकशे एकसष्ट, गव्यांचे एकतीस, सांबरांचे बारा, बिबट्याचा एक आणि माणसांचे नऊ.

मित्रांनो, मी अणशीच्या जंगलात झाडाला बांधलेला एक जुना कॅमेरा आहे. समोरून गरम अंग हललं की मी फोटो काढतो. डोळा मिटणं मला जमत नाही. नवा होतो तेव्हा मी टिपलेला वाघ पाहायला वनखात्याची सगळी कचेरी जमली होती. आता भिंगावर बुरशी आहे, पेटीत मुंग्या आहेत. बघून बघून मी थकलो आहे.

माझी देखभाल जंगलाची राखण करणारा गुणा वॉचर करतो. मला बांधून झालं की तो समोरून चार पायांवर रांगत जातो. वाघाच्या उंचीचं जनावर मला दिसेल की नाही, हे तसंच कळतं. नऊपैकी सहा फोटो त्याच्या रांगण्याचे होते.

उरलेले तीन फुला नावाच्या बाईचे. ती इथलीच, टीव्ही मालिकेत काम करणारी. आजारपणात माहेरी आली होती. पायवाटेवर तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. केस नव्हते. ती तशीच वाऱ्यात उभी राहिली.

त्या दिवशी गुणाबरोबर त्याचा मेहुणा प्रशांत आला होता. तो रामनगरचा, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. माझ्या पेटीतल्या इवल्या पडद्यावर त्याने ते तीन फोटो पाहिले.

"दाजी, हे द्या मला. सगळी पेपरवाली तिलाच शोधाय लागल्यात."

"आजारी हाय रे ती."

"टीव्हीवर रोज बघत्यात की लोकं."

"तिथं नटून येती. हितं तिला वाटलं, कोण न्हाई."

प्रशांत बटण दाबत मागच्या फोटोंवर गेला. पडद्यावर गुणा आला, लुंगी खोचून रांगणारा. प्रशांत खो-खो हसला.

"ह्यो पण छापतो. अणशीत नवं जनावर."

गुणा हसला नाही. "त्यो नको. पोरगी शाळंला जाती माझी."

"चेष्टा केली हो."

"व्हय. तरी नको."

प्रशांत बराच वेळ त्या रांगणाऱ्या माणसाकडे पाहत राहिला. मग पुन्हा फुलाच्या फोटोंवर आला.

"पुसायचं बटण कुठलं, दाजी?"

गुणाने दाखवलं.

मित्रांनो, समोरून जाणाऱ्याला विचारणं मला येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या हातात कॅमेरा असेल तेव्हा तेवढं करा.

गुणाने कार्डातले फोटो पुन्हा मोजले. एकूण दोनशे अकरा. माणसांचे सहा.