नागरिकांसाठी तीन मिनिटं

शहराच्या सभागृहात माईक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे माईकवालेच म्हणत. बावीस वर्षं तो काचेच्या त्याच खोक्यात, त्याच खुर्चीवर बसत आला होता. या बावीस वर्षांत त्याने एक शोध लावला होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

महिन्याच्या सभेत नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळायची. निदान बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. नियमात मात्र 'अध्यक्षांच्या मर्जीनुसार' असं होतं, आणि अध्यक्षांची मर्जी फिरली की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत. चष्मा टेबलावर आला की माईक बंद. पूर्वी तो खाडकन बंद व्हायचा. मग आरडाओरडा, टेबलं बडवणं, शिपायांनी दंडाला धरून बाहेर काढणं, सगळा तमाशा. माईकवाल्याने यावर तोड काढली. बोलणाऱ्याच्या पायाशी त्याने एक छोटा स्पीकर बसवला. चष्मा खाली आला की तो मोठ्या स्पीकरांचा आवाज दहा अंक मोजत हळूहळू उतरवायचा आणि पायाशी असलेला स्पीकर चालूच ठेवायचा. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज खणखणीत ऐकू येत राही. तो बिचारा पोटातलं सगळं ओकून समाधानाने घरी जाई. त्यानंतर सभागृहात भांडण म्हणून झालं नाही. अध्यक्षांनी माईकवाल्याची पाठ थोपटली होती. आपण लोकांचा अपमान वाचवतो, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

त्याच्या ताईच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. घरापासून इस्पितळापर्यंत सरळ जाणारी एकच बस होती, आणि नेमकी तीच बंद करायचं घाटत होतं. दोन बस बदलून जायचं तर दीड तास मोडणार, आणि परत येताना भाऊजींना धड उभंही राहवत नसे. ताई पुठ्ठ्याचा फलक घेऊन स्टॉपवर उभी राहू लागली. चार दिवसांत इतर पेशंटांच्या घरचे मिळून तीस जण झाले. पाचव्या दिवशी नोटीस आली, की रहदारीला अडथळा होतो, आंदोलन ठरलेल्या जागीच करावं. ठरलेली जागा म्हणजे पाण्याच्या टाकीमागचं, चारी बाजूंनी पत्रे ठोकलेलं मैदान. वेळ अकरा ते बारा. घोषणा द्यायच्या नाहीत आणि फलकावरचा मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा. ताई तिथेही गेली. तीस जणांनी तासभर पत्र्यांना फलक दाखवले.

"चिटपाखरू फिरकलं नाही रे," ती फोनवर म्हणाली. "ज्यांना सांगायचंय ते समोर नकोत का?"

तेव्हा माईकवाल्याने छाती फुगवून सल्ला दिला. "रस्त्यावर कशाला घसा फोडतेस? सभागृहात ये. तिथे माईक आहे, आणि माईकवर मी आहे."

अट एकच होती. सभेत बोलायचं तर त्या विषयावर सहा महिने आंदोलन करणार नाही, असं लिहून द्यायचं, आणि तेही सगळ्यांनी. ताई बिचकली.

"आणि नाही ऐकलं त्यांनी तर?"

"अगं, समोर बसवून ऐकवणार आहेस त्यांना. आणखी काय पाहिजे?"

फॉर्म त्यानेच आणला, त्यानेच भरला. ताईने सही केली आणि तिच्या शब्दाखातर बाकीच्यांनीही केल्या. मग त्याने तिचं भाषण तपासायला घेतलं. पहिलीच ओळ होती, 'ही बस बंद केलीत तर माझा नवरा मरेल.' माईकवाल्याने कपाळावर हात मारला.

"असं आल्या आल्या अंगावर जातात का? आधी गोड बोल. चार लोकांचे आभार मान. मुद्दा शेवटी."

"शेवटी?"

"मी बावीस वर्षं बघतोय ना!"

चष्म्याचं आणि छोट्या स्पीकरचं मात्र तो बोलला नाही. एवढं गोड बोलल्यावर ती वेळच येणार नाही, असं त्याला वाटत होतं. शिवाय तसल्या गोष्टी घरी सांगायला जीभ रेटत नाही.

सभेच्या दिवशी ताई भाऊजींनाही घेऊन आली. आदल्याच दिवशी डायलिसिस झालेलं, दंडाला पट्टी, चेहरा उतरलेला. आत फक्त बोलणाऱ्यालाच सोडत, म्हणून भाऊजी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

ताई उभी राहिली. आवाज आधी कापरा, मग सावरला. तिने अध्यक्षांचे आभार मानले. सदस्यांचे मानले. इतकी वर्षं बस चालवल्याबद्दल परिवहन खात्याचे मानले, ड्रायव्हरांचे मानले. काचेमागून माईकवाला मान डोलवत होता. दीड मिनिट झालं होतं.

"पण," ताई म्हणाली, आणि अध्यक्षांनी चष्मा काढला.

माईकवाल्याचा हात बटणावर तसाच राहिला. त्याला वाटलं, पुसायला काढला असेल. अध्यक्षांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि काचेकडे पाहिलं. माईकवाल्याने खाली बघितलं. वर बघितलं, तर अध्यक्ष अजून पाहत होते. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. त्याने आवाज उतरवायला घेतला. दहाऐवजी वीस अंक मोजले. बहिणीसाठी त्याच्याकडून झालं ते एवढंच.

त्याच्या हेडफोनमध्ये ताई बोलतच होती. परतीच्या बसमध्ये भाऊजी तिच्या खांद्यावर मान टाकून कसे झोपतात, ते सांगत होती. दोन बस बदलताना मध्ये जिना आहे, त्याला एकेचाळीस पायऱ्या आहेत, हे सांगत होती. सदस्य एकमेकांशी गप्पा मारत होते, एकजण नखं कुरतडत होता. कागदावरून नजर न काढता ताई शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि ती ओळ तिने न अडखळता म्हटली. अख्ख्या सभागृहात ती एकट्या माईकवाल्याने ऐकली.

हेडफोन टाकून तो तिच्यामागे व्हरांड्यात धावला. आता फक्त अध्यक्षच बोलणार होते, आणि त्यांचा माईक कायम चालूच असे, त्याला माणूस लागत नसे.

ताईचा चेहरा फुलला होता. "ऐकलंस ना? एकाने मध्ये तोंड घातलं नाही! उगाच जीव टांगणीला लावून बसले होते मी."

"पण मध्येच थांबलीस का गं?" भाऊजींनी बाकावरून विचारलं. त्यांच्या डोक्यावर भिंतीत व्हरांड्याचा स्पीकर होता. "आभार मानलेस आणि गप्पच झालीस. मला वाटलं, चक्कर आली की काय."

"मी कुठे थांबले? शेवटपर्यंत बोलले."

"इथे नाही आलं काही. मी कान लावून बसलो होतो."

ताईने स्पीकरकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. लहानपणी खोटं पकडलं की ती अशीच बघायची. माईकवाल्याने सगळं सांगून टाकलं.

तेवढ्यात सभेचा वृत्तान्त लिहिणाऱ्या बाई कागद घेऊन आल्या. "माईकवाले, रेकॉर्डिंगशी जुळतंय अशी सही करा ना पटकन."

'एका नागरिक महिलेने बससेवेबद्दल सभागृहाचे आभार मानले.'

रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरांचंच होत असे, त्यामुळे जुळत होतं. त्याच्या खांद्यावरून ताईनेही ती ओळ वाचली.

"मी आभार मानले," ती म्हणाली. "ती बस बंद करताहेत आणि मी त्यांचे आभार मानले. कुणी शिकवलं मला हे?"

"ताई, पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज करू..."

"आणि तोवर? रस्त्यावर उभं राहायचं नाही, लिहून दिलंय. माझ्यापायी त्या तीस जणांनी लिहून दिलंय. त्यांना काय तोंड दाखवू मी?" तिचा आवाज चिरकला. "तू जा आत. तू सांग. तू तर कुठे सही केली नाहीस."

"मी कर्मचारी आहे गं. आम्हाला सभेत बोलायला बंदी आहे."

हे तो बावीस वर्षं लोकांना सांगत आला होता. आज सांगताना त्याची त्यालाच लाज वाटली.

"मग या इमारतीत बोलायचं तरी कुणी?" ताईने विचारलं.

डोक्यावरचा स्पीकर बोलू लागला. "विषय क्रमांक सात. इस्पितळाकडे जाणारी बस बंद करणे. नागरिकांकडून हरकत आलेली नाही. मंजूर."

शब्द न् शब्द स्वच्छ होता, जराही खरखर नाही. बाई कागद पुढे धरून सहीसाठी थांबल्या होत्या. ताईने भाऊजींच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि जाता जाता म्हणाली, "हे मात्र छान ऐकू येतं रे."