तिसरा शब्द माझा

ज्या वाक्याच्या जोरावर मी प्राध्यापक झाले, ते एका दहा वर्षांच्या मुलीचं आहे असं मी सतरा वर्षं सांगत आले. 'मला शाळेत आवडतं.' पुस्तकाच्या पहिल्या पानावर तेच, भाषणाच्या सुरुवातीला तेच. अपंग मुलांना सगळ्यांसोबत शिकवावं आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याकडूनच ऐकावं, हा माझा विषय. काय मिरवले मी त्यावर.

मुलीला बोलता येत नव्हतं. मांडीवर अक्षरांचा तक्ता आणि त्यावर थरथरतं बोट. एका अक्षराला मिनिट लागायचं. आम्हा संशोधकांची एक घाणेरडी सवय होती: दोन शब्द झाले की पुढचा आपणच म्हणायचा, मुलाने मान हलवली की पुढचा प्रश्न. तिची मान तर आजारामुळे सतत हलायचीच. मी तिसरा शब्द म्हणाले, मान हलली, मी लिहून घेतलं.

काल ती माझ्या खोलीत आली. आता सत्तावीस वर्षांची आहे. चाकांची खुर्ची तिची मावशी ढकलत होती. नव्या आवृत्तीचं बोलायला आमचे विभागप्रमुख आधीच येऊन बसले होते. तिला बघताच त्यांनी तान्ह्या बाळाशी बोलतात तसा आवाज काढला. "अगं, तू तर आमची स्टार." मला शिसारी आली.

मावशीने तक्ता मांडीवर ठेवला. "हिला काही सांगायचंय. मध्ये बोलू नका."

बोट फिरू लागलं. मला. शाळेत. प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "आवडायचं, हो ना?" मावशीने असं काही पाहिलं की ते गप्प झाले. बोट तक्त्यावर सरकत राहिलं. बांधून. ठेवतात.

"तेव्हाही हेच सांगत होती," मावशी म्हणाली. "वर्गाच्या बाई शेजारीच बसल्या होत्या."

माझ्या अहवालाने त्याच बाईंना मुख्याध्यापिका केलं होतं. त्या अजून तिथेच आहेत. मी काही बोलणार तोच बोट पुन्हा हललं. बराच वेळ लागला. अजून. मुलं. आहेत. तिथे.

प्रमुख माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "एक तळटीप टाकू. एवढ्यासाठी सगळ्या मेहनतीवर पाणी कशाला सोडताय?" किळस त्यांची आलीच, पण त्याहून जास्त माझी आली, कारण तळटीपच माझ्याही डोक्यात आली होती.

मी त्या दोघींच्या समोरच शिक्षण खात्याच्या तपासणी अधिकाऱ्यांना फोन लावला. स्वतःचं नाव, पुस्तकाचं नाव, शाळेचं नाव सांगितलं आणि झालेला प्रकारही. प्रमुख उठून निघून गेले.

अधिकारी सगळं ऐकून म्हणाले, "पण मॅडम, त्या मुलीने हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगत होती," मी म्हणाले. "मी तिचं तोंड बंद केलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं."