पहिले थेंब

"पाण्यात रक्त मिसळलंय बाई, ह्यावर तपासणी होणार नाही. दुसरं पाठवा," दीपिका मुंबईहून फोनवर म्हणाली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कालची पोर ती. मालवणच्या इस्पितळातल्या ह्याच लॅबमध्ये तिला बोटाला सुई टोचायला शिकवलं ते मी. आता ती मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत. पेपरात फोटो काय, सत्कार काय. तिचा फोन आला की आमचे डॉक्टर खुर्ची सोडून उठतात, आणि मी अजून मलेरियाच्या काचपट्ट्यांवर डोळे फोडतेय. वर दीपिकाचं नाव निघालं की माझा नवरा परशुराम मुद्दाम चिडवायचा, "चेडू हुशार हां, सावित्री. कधी चुकणा नाय." जळायचं नाही तर काय करायचं माणसाने?

तोच परशुराम आता चालताना झोकांड्या खातो. ताट वाजलं तरी त्याचे हातपाय उडतात. हाडाचा सुतार, पण परवा रंधा हातात घेऊन हे काय म्हणून विचारत होता. डॉक्टर म्हणाले, दोनच शक्यता. मेंदूला सूज असेल तर औषधाने उतरेल. नाहीतर मेंदूतलं एक प्रथिन वाकडं होतं आणि आजूबाजूच्या चांगल्यांनाही वाकडं करत सुटतं. त्याला औषध नाही. खरं काय ते कण्यातलं पाणी तपासून कळणार, आणि तपासणार कोण, तर दीपिका.

पाणी काढताना पहिले थेंब टाकून द्यायचे असतात, सुईमुळे त्यात रक्त येतं. डॉक्टर टाकतच होते. मीच म्हटलं, राहू दे. नळी गच्च भरून जाऊ दे, मालवणचं काम कसं असतं ते कळू दे तिला. मासेवाल्या मुख्तारकडून सुरमईची पेटी घेतली, धुतली, बर्फ भरून त्याच्याच गाडीने नळी मुंबईला धाडली. माझ्या मिजाशीपायी परशुरामच्या पाठीत पुन्हा सुई गेली. ह्या खेपेला पहिले थेंब मी स्वतः ओतून दिले.

आठवड्याने तिचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. छोट्या खळग्यांत चांगलं प्रथिन घालतात, त्यात आपलं पाणी सोडतात, यंत्र ते हलवत राहतं. आजार असला तर ते चांगलंही वाकडं होतं आणि पडद्यावरची रेघ वर चढते.

"सगळ्यांत चढली, बाई."

मी म्हटलं, परत कर. तीनदा केलं, म्हणाली.

"तुझा खंयतरी चुकला आसतला."

पलीकडे ती रडत होती. इतका वेळ शुद्ध बोलणारी ती एकदम घरच्या बोलीत आली.

"माझा चुकाक व्हया होता, बाई."

पडवीत परशुराम बसला होता. सकाळपासून त्याला माझं नाव आठवलं नव्हतं. कोणाचा फोन म्हणून त्याने विचारलं. दीपिकाचा, मी सांगितलं. जरा वेळाने तो पूर्वीसारखा हसला.

"हुशार चेडू."

तिचं नाव बरं आठवलं. मी त्याचा उडणारा हात मांडीवर दाबून धरला.

"होय," मी म्हटलं. "ता चुकणा नाय."